ताईची झोप

पहाटे तीनच्या सुमाराला ताई वॉर्डच्या मधोमध थांबायच्या, डावा हात कमरेवर ठेवायच्या आणि हळूच म्हणायच्या, "आलं वाटते."

नवीन नातेवाईक दचकून दाराकडे बघत. डॉक्टर आले की काय, नवा पेशंट आला की काय. एकदा दोन खाटांच्या मधल्या जागेत झोपलेल्या एका म्हातारीनं तर चादर डोक्यापर्यंत ओढून घेतली. तिला वाटलं, ही नर्सबाई यमाबद्दलच बोलतेय. ताई बोलत होत्या आपल्या दुखण्याबद्दल. ते रोज त्याच वेळेला यायचं, म्हणून त्या त्याच्याबद्दल पाहुण्यासारखं बोलायच्या.

त्याचा रस्ताही ठरलेला होता. कमरेतून निघायचं, पाठीच्या कण्यानं वर चढायचं, मानेत थोडा वेळ थांबायचं आणि उजव्या खांद्यातून हातात उतरायचं. ताई हे एखाद्या पॅसेंजर गाडीसारखं सांगायच्या. कंबर म्हणजे अकोला, मान म्हणजे मूर्तिजापूर. कोपर धरलं की म्हणायच्या, बडनेरा आलं. साडेचारपर्यंत शेवटची दोन बोटं बधिर व्हायची. मग त्या त्या बोटांना अंगठ्यानं टोचून बघायच्या आणि मी हसत असले तरी स्वतः हसायच्या नाहीत.

तुम्ही कधी सरकारी दवाखान्यात आपल्या माणसाजवळ रात्र काढली असेल, तर अशी एखादी सिस्टर तुम्हीही पाहिली असेल. ती येण्याआधी बामचा वास येतो. ती वाकून सुई लावते आणि सरळ होताना खाटेच्या दांडीला धरते. आपण तेव्हा आपल्या पेशंटकडे बघत असतो, तिच्याकडे बघत नाही. मी ताईंकडे बघत होते, कारण मला त्यांच्यासारखंच व्हायचं होतं, आणि हळूहळू त्यांच्यासारखं होण्याचीच मला भीती वाटायला लागली.

मी अंजनगाव सुर्जीची. तेविसाव्या वर्षी नर्स म्हणून पहिली नेमणूक अकोल्याच्या एका मोठ्या दवाखान्यात, पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात झाली. ताई तेव्हा पन्नाशीला आल्या होत्या. मूळच्या बार्शीटाकळीच्या. आईवडील दुसऱ्यांच्या वावरात मजुरीला जायचे, आणि घरात सरकारी नोकरी लागलेलं पहिलं माणूस म्हणजे ताई. मला खोलीही त्यांनीच बघून दिली, त्या राहायच्या त्याच घराच्या वरच्या मजल्यावर. त्यामुळे मी त्यांची रात्रही बघितली आणि दिवसही.

दिवस रात्रीपेक्षा वाईट होता. त्यांच्या आईला पक्षाघात झालेला होता. म्हातारी खाटेवर होती. रात्री शेजारची एक बाई तिच्याजवळ झोपायला यायची, दिवसा ताई स्वतः करायच्या. म्हणूनच त्यांनी रात्रपाळी मागून घेतली होती. वॉर्डात लहान पोरांच्या आया असलेल्या सिस्टर होत्या, त्यांना ते सोयीचंच होतं. कोणाची रात्र अडली की ताई होत्याच. नियमानं मिळणारी रात्रपाळ्यांच्या मधली सुट्टीही बरेचदा कोणाच्या तरी पोराच्या तापात जायची.

सकाळी नऊला घरी येऊन त्या आईचं अंग पुसायच्या, तिला कुशीवर वळवायच्या, भरवायच्या. अकरा-बाराला आडव्या व्हायच्या. तोवर खोली तापलेली आणि कूलर धडधडत असायचा. त्यात सिलिंडरवाला, भाजीवाला, पार्सलवाला. शेजारपाजारच्यांना वाटायचं, बाई दिवसा घरी आहे म्हणजे रिकामीच आहे. कोणी बीपी मोजायला यायचं, कोणी सुनेची सोनोग्राफी वाचून घ्यायला. शेवटी मी एका पुठ्ठ्यावर "आजारी माणूस झोपले आहे, दार वाजवू नये" असं लिहून दारावर लावून दिलं. त्या दिवशी सात जणांनी दार वाजवलं. कोण आजारी आहे ते विचारायला आले होते.

ताईंनी तो पुठ्ठा काढून मला परत दिला आणि म्हणाल्या, "दोन तास झोप झाली माही. लय झाली."

त्या दोन तासच म्हणायच्या. मी खालून येणारे आवाज ऐकायचे आणि मला तेवढेही झाले असतील असं वाटायचं नाही.

घाबरणाऱ्या त्या नव्हत्या. एकदा साप चावलेला एक तरुण आमच्या वॉर्डात दगावला. तासाभरात बाहेरून पंधरा-वीस माणसं आत घुसली. औषधांच्या कपाटाची काच फुटली. दारावरचा शिपाई कुठे गेला ते कळलं नाही. मी ड्युटीरूममध्ये दाराला पाठ लावून उभी होते. ताई एक स्टूल उचलून त्या गर्दीत गेल्या, मेलेल्या पोराच्या आईजवळ ते ठेवलं आणि म्हणाल्या, पहिले मायले बसू द्या. तिला पाणी दिलं. तिच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. माणसं एकेक करून भिंतीकडे सरकली आणि रडायला लागली.

नंतर त्या आत आल्या आणि पेन उघडून लिहायला बसल्या, तर पेन बोटांतून निसटलं. उचललं, पुन्हा निसटलं. मी म्हटलं, ताई, घाबरल्या का?

"मले लोकाईचं भेव नाही वाटत वं," त्या म्हणाल्या आणि उजवा हात टेबलावर उताणा ठेवला. "याचं वाटते."

मी त्या हाताकडे बघत राहिले. गोळी काढणारा, शीर शोधणारा, थेंब मोजणारा हात. वॉर्डात चाळीस माणसं त्या हाताच्या भरवशावर झोपलेली होती. त्या रात्रीपासून मीही त्याच्यावर लक्ष ठेवायला लागले, आणि लक्ष ठेवतेय हे त्यांना कळू नये म्हणून धडपडायला लागले.

त्यांची आई गेली तेव्हा मला वाटलं, आता ताई रात्रपाळी सोडतील. पंधरा दिवस त्या रजेवर होत्या. एकदा दुपारी मी चहा घेऊन खाली गेले, तर त्या आईच्या रिकाम्या खाटेशेजारी खुर्चीवर बसल्या होत्या. समोर भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली विझलेली मेणबत्ती. मी विचारलं, रात्री झोप लागते ना? त्या म्हणाल्या, अंधार पडला की डोळे टक्क उघडे राहतात. बारा वाजतात, दोन वाजतात, सगळी गल्ली झोपलेली, आणि कंबर, मान, खांदा, सगळं एकदम बोलायला लागतं. वॉर्डात निदान काम असतं, दुखणं मागे राहतं. घरी ते अंगावर बसतं.

"रातची भीतीच वाटून राहिली मले," त्या म्हणाल्या. "त्याच्यापेक्षा ड्युटी बरी."

म्हणजे ज्या रात्रपाळीनं झोप नेली, तिच्याकडेच झोप नाही म्हणून त्या परत आल्या. पाळ्या लावणाऱ्या मेट्रन मॅडमना नवल वाटलं, पण रात्रीच्या यादीत जागा रिकामी होती. विचारलं नाही कोणी जास्त.

त्यानंतरचं वर्ष मला आठवतं ते ताईंच्या गोळ्यांमुळे. चहाबरोबर एक दुखण्याची गोळी, तीनला अजून एक, मग पोटात आग पडू नये म्हणून तिसरी. आता टाचाही दुखायच्या, दातही दुखायचे, डोक्याचा डावा भाग दुखायचा. कधी कधी त्या बोलता बोलता थांबायच्या, डोळे उघडेच, आणि दोन-तीन क्षणांनी वाक्य भलतीकडूनच सुरू करायच्या. एकदा मला त्यांनी आईच्या नावानं हाक मारली. मी ओ दिली.

आता जे सांगते ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

ताईंची सलग सहावी रात्र होती. पहाटेचे साडेपाच. सतरा नंबरच्या पेशंटला शुगर होती, त्याचं इन्सुलिन द्यायचं होतं. अठरा नंबरवर एक म्हातारे बाबा होते, न्यूमोनियातून उठत होते, शुगर-बिगर काही नाही. मी एकोणीस नंबरची सलाइन बदलत होते. ताई ट्रे घेऊन आल्या आणि अठराजवळ थांबल्या.

मी बघितलं. ती बारीक सुई, तिचं नारिंगी टोपण, सगळं मला स्पष्ट दिसलं. हे सतराचं आहे, हेही मला माहीत होतं. त्यांनी टोपण काढलं, बाबांचा दंड पुसला. मी तोंड उघडलं नाही. मनात आलं, ताई आहेत, पंचवीस वर्षं करतायत, रात्री नवी ऑर्डर आली असेल, मलाच झोपेत समजत नसेल. माझीही सलग पाचवी रात्र होती. आपण पाण्याखाली आहोत आणि वर काहीतरी चाललंय, असं मला वाटत होतं.

बाबांनी डोळे उघडले आणि विचारलं, ही कायची सुई व्हय, बाई?

ताई सवयीनं म्हणाल्या, "शुगरची, बाबा."

"मले तं शुगर नाही."

सुई दंडापासून बोटभर लांब होती. ताई तशाच वाकलेल्या राहिल्या. मग हळूहळू सरळ झाल्या, खाटेच्या दांडीला न धरता, आणि त्यांचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. एखाद्या घरात शिरल्यावर ते आपलं नाही हे कळावं, तसा. बाबांना त्या म्हणाल्या, बरोबर हाय बाबा, तुमची नाही ही. ट्रे माझ्या हातात दिला. सतराला मी दिलं, कागद तीनदा वाचून. बाबा पुन्हा झोपले. त्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही.

ड्युटीरूममध्ये आले तेव्हा ताई रिपोर्टबुक उघडून बसल्या होत्या आणि लिहीत होत्या. उजव्या हाताचं मनगट डाव्या हातानं धरून, लहान पोरांना गिरवायला लावतात तसं. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. त्यांनी सगळं लिहिलं होतं. वेळ, खाट नंबर, कोणाचं औषध कोणाला देणार होते, आपलं नाव.

मी त्यांना विनवलं. चौकशी होईल, नोकरीची काही वर्षं राहिलीत, पेन्शनचं काय, असं काय काय बोलले. "ताई, झालं तं काहीच नाही ना," मी म्हटलं. "नका लिहू."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"झालं नाही, कावून की त्या बुढ्याले बोलता येत होतं. बोलता न येणारे किती हायेत आपल्या वार्डात?"

मी मोजले नाहीत. मला एवढंच कळत होतं, की बोलता येणारी अजून एक त्या वेळी तिथे होती, आणि ती गप्प उभी होती. त्याच वेळी ते सांगायला हवं होतं. वहीत एक ओळ माझीही यायला हवी होती. मी पाणी आणायला जाते म्हणाले आणि नळाशी जाऊन उभी राहिले.

चौकशी झाली. मेमो मिळाला. मेट्रन मॅडम कडक होत्या, पण त्यांनीच ताईंना दुखण्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ताई तिथून आल्या त्या रागावूनच. त्या सांगत होत्या, मी त्याले सात ठिकाणचं दुखणं सांगितलं, अन् तो मले विचारते, झोप किती होते. मणक्यांची झीज होती, ती एक्स-रेत दिसत होती. पण डॉक्टरांचं म्हणणं असं, की वर्षानुवर्षं रात्री जागायचं आणि दिवसा ती झोप भरून काढायची नाही, तर शरीराला दुखणं सोसवेनासं होतं. होतं त्यापेक्षा मोठं लागतं. दुखतं म्हणून झोप नाही, आणि झोप नाही म्हणून अजून दुखतं. आधी रात्रपाळी बंद, मग बाकीचं बघू. ताईंना हे पटलं नव्हतं. एवढं मोठं दुखणं आणि त्याला औषध काय, तर झोप. त्यांना तो अपमान वाटला.

त्यांना दिवसाची ओपीडी मिळाली, आणि सात-आठ महिन्यांनी विनंतीवरून अमरावतीच्या बाजूला एका लहान केंद्रावर लसीकरणाचं काम. अमरावतीतच त्यांचे यजमान होते, मास्तर. इतकी वर्षं दोघं दोन गावांत राहिले होते. सामान टेम्पोत चढवताना ताईंनी मला बामची अर्धी बाटली दिली आणि म्हणाल्या, ठेव, लागन तुले.

लागली. त्यांच्या जागी रात्रपाळी मला आली.

सुरुवातीला त्यांचे फोन यायचे. रात्री दोनला, तीनला. मी ड्युटीवर, त्या अंथरुणात जाग्या. वॉर्डात काय चाललंय विचारायच्या, आणि मी सांगत राहायचे. बाहेर कुत्री भुंकायची ती फोनमधून मला ऐकू यायची. तीन महिने असं चाललं. मग एकदा फोन सकाळी आला. परीक्षेचा निकाल सांगावा तसं त्यांनी सांगितलं, काल चार तास झोपली. पुढच्या महिन्यात पाच. टाचा दुखायच्या थांबल्या, दात थांबले. खांदा निम्म्यावर आला. कंबर होतीच, बोटंही कधीमधी बधिर व्हायची. ते जाणार नाही, त्या म्हणाल्या, पण आता पहिल्यासारखं खायला उठत नाही. मग फोन कमी होत गेले आणि बंद झाले. त्या वेळी त्या झोपलेल्या असायच्या.

इकडे मला एका पहाटे जाणवलं. गुडघ्यातून सुरू झालं, माझा रस्ता वेगळा होता. मी खाटेच्या दांडीला धरून उभी राहिले. दुखण्यापेक्षा मला त्या अठरा नंबरच्या खाटेची भीती वाटली. तेव्हापासून मी एक करते. सुई हातात घेतली की पेशंटचं नाव आणि औषधाचं नाव मोठ्यानं बोलते, शेजारी कोणी असो नसो. नव्या पोरींना सांगून ठेवलंय, मी चुकतेय असं नुसतं वाटलं तरी बोला, मग मी कितीही जुनी असो. त्यांना वाटतं, मॅडम शिस्तीच्या आहेत. का, ते त्यांना माहीत नाही.

ते ताईंना सांगावं म्हणून मी मागच्या हिवाळ्यात अमरावतीला गेले. न कळवताच गेले, कळवलं असतं तर धीर सुटला असता. एसटीत मी वाक्यं जुळवत होते. ताई, त्या दिवशी मी बघितलं होतं. ताई, त्या वहीत माझंही नाव पाहिजे होतं.

दुपारचे तीन वाजले होते, रविवार. मास्तरांनी दार उघडलं आणि बोटानंच मला हळू बोलायची खूण केली. झोपली हाय, ते म्हणाले. जेवून आडवी झाली, अन् लागली झोप. एखाद्या पाहुण्याला घरातली चांगली वस्तू दाखवावी तसं ते सांगत होते. उठवू का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं. ते चहा ठेवायला आत गेले.

मधलं दार अर्धवट उघडं होतं. ताई कुशीवर होत्या, भिंतीकडे पाठ, गळ्यापर्यंत वाकळ. केस पूर्ण पांढरे झाले होते. तोंड थोडं उघडं, गाल आत गेलेला, उजवा हात वाकळीबाहेर. वॉर्डात असं माणूस मी किती वेळा बघितलंय. आणि एकदम माझ्या लक्षात आलं की मला त्यांची छाती हलताना दिसत नाहीये.

मी उठले. चपला काढलेल्याच होत्या. दाराशी जाऊन मनगटावरचं घड्याळ समोर धरलं आणि वाकळीच्या एका फुलावर डोळे लावून मोजायला लागले. पहिला श्वास इतका उशिरा आला की माझाच अडकला. मग दुसरा आला. एका मिनिटात चौदा. मी पुन्हा एक मिनिट मोजलं. पुन्हा चौदा.

मास्तर चहा घेऊन माझ्या मागे येऊन उभे राहिले. मी चहा उभ्यानंच घेतला. पाचची गाडी धरायची होती, रात्री ड्युटी होती. काही निरोप आहे का, त्यांनी विचारलं, आणि मी म्हटलं, काही नाही, सहज आले होते.

निघताना मी एकदा वळून बघितलं. ताईंनी झोपेतच पाय जवळ घेतले, हात आत ओढला आणि या कुशीवरून त्या कुशीवर वळल्या. कण्हल्या नाहीत. कंबरही धरली नाही. तशाच झोपून राहिल्या.